गुण कुणाच्या हाताला

१२ जानेवारी

धाकटीस,

पार्सल पोचलं. तेलाची बाटली फुटलेली नाही, लेपाची डबी गळलेली नाही, आणि आईच्या नावाने घातलेला कागद मी वाचला. आईला बारीक अक्षर लागत नाही, त्यामुळे मोठ्याने वाचून दाखवण्याचं भाग्य माझंच. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. लिहिलेलं निदान खोडता येतं.

कागद चांगला लिहिला आहेस, खोटं का बोलू? डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं ते ताणाचं दुखणं. त्याला मानेवर गरम पाण्याची पिशवी आणि खांदे सैल सोडून बसणं. भुवयांवर आणि गालांत जड होतं, खाली वाकलं की वाढतं ते सर्दीचं, त्याला वाफ. चहा चुकला म्हणून दुखतं ते सवयीचं, जेवण चुकलं म्हणून दुखतं ते उपाशीपणाचं. आणि अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, वास सोसत नाही, पोटात ढवळतं ती अर्धशिशी. तिला अंधार, थंड पट्टी, आल्याचं पाणी आणि झोपेची ठरलेली वेळ. आमचे हे ऐकत होते. म्हणाले, “सगळे प्रकार दिलेत, पण बायकोमुळे दुखतं तो विसरली वाटतं तुझी बहीण.” आई खळखळून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. तेही तुझ्याच कागदावर.

लेप लावून अर्धा तास झाला नाही तोच म्हणायला लागली, “बाळीच्या हाताला गुण आहे गं. कसं उतरल्यासारखं वाटतंय.” लेप कालवला मी, लावला मी, उशीवर जुना टॉवेल पसरला मी, आणि गुण तुझ्या हाताला! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. तू तिकडे तुझ्या त्या उपचारकेंद्रात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि शेळी इथे तुझंच नाव घेत मान डोलावते.

एक गोष्ट तुझ्या कागदात नाही. माझं डोकं कधी दुखलं नाही. तुला ठाऊकच आहे, पण त्याचा अर्थ तुला ठाऊक नसावा. शाळेतून आलं की तुझा चेहरा पांढराफटक, आणि आई आधीच पडदे ओढून आत पडलेली. मग तू तिच्या कुशीत आणि दार बंद. बाहेर मी. बाबांना चहा द्यायचा, भांडी आवाज न करता घासायची, जिन्यात खेळणाऱ्या पोरांना गप्प करायचं. दाराच्या फटीतून तुमची कुजबुज ऐकू यायची, मधेच हसणं. डोकं दुखणारी माणसं इतकी हसतात का गं? एकदा मीही दारात उभी राहिले आणि म्हटलं, “आई, माझंही दुखतंय.” तिने माझ्या कपाळाला हात लावला, एवढंच. “तुला काही होत नाही. तू माझी घट्ट मुलगी आहेस. जा, दूध उतू जाईल.” तुमची डोकी दुखायची आणि माझं पोट. लोक ज्या अर्थाने म्हणतात, त्याच अर्थाने.

माझ्या लग्नाच्या दिवशी निरोपाच्या वेळीसुद्धा ती तुझ्या उशाशी होती. त्यावर मी तुला जे बोलले आणि तू मला जे बोललीस, ते दोघींनीही परत घेतलेलं नाही. मीही आज घेत नाही.

तर, आईची अर्धशिशी पन्नाशीतच थांबली होती. आता पंचाहत्तरीला ती परत आली असं तू म्हणतेस, आईही म्हणते, “जुनंच आहे.” मला तसं वाटत नाही. मी चष्म्याच्या दुकानात उगीच केस पांढरे केलेले नाहीत. नंबर चुकला की डोकं धरतंच. पुढच्या आठवड्यात तिला दुकानात नेऊन डोळे तपासून घेणार आहे. मग बघू गुण कुणाच्या हाताला आहे ते.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटीस,

आईचं डोकं थांबलं.

तुझ्या लेपाने नव्हे. नवीन चष्म्याने. आमच्या दुकानातल्या तपासनीसाने मागच्या खोलीत तिला खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचून घेतली. नंबर थोडा सरकला होता, म्हणजे मी म्हणत होते ते खरं. त्याने विचारलं, “आजी, मधेच डोळ्यापुढे अंधारून येतं का?” आई म्हणाली, “छे, मला काय धाड भरलीय!” फ्रेम मी स्वतः निवडली. हलकी, नाकावर न रुतणारी. कानामागची काडी गरम करून तिच्या कानाच्या मापाने वाकवली. तिच्या डोळ्यांवर चष्मा ठेवून मी समोर उभी राहिले. आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अगं, डोक्यावरचं ओझंच उतरवलंस. आता दुखत नाही.”

तिथेच, गिऱ्हाइकांसमोर. मालकसुद्धा म्हणाले, “बघा, मुलगी असावी तर अशी.” तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्या वाट्याला असं रोज येत असेल, रोगी येऊन पाया पडत असतील. मला हे एकदाच मिळालंय.

तेव्हा आता पार्सलं पाठवू नकोस. खरं तर तुझ्या तेलाने त्रासच झाला. केस चिकट होतात, गुंततात, आणि उजव्या कानशिलाकडे कंगवा नेला की ती “हं, हळू” म्हणून डोकं काढून घेते. परवा तर म्हणाली, “नको विंचरूस, राहू दे तसेच.” मी दोनदा साबण लावून तेल काढलं, तरी तेच. त्या कुशीवर झोपतही नाही. तुझं तेल कसलं, राळ आहे ती.

बाकी तब्येत वयाच्या मानाने ठीक. जरा वाळली आहे. जेवताना चार घास चावले की थांबते, जबडा धरून बसते, मग पुन्हा दोन घास. सफरचंदाची फोड तर तोंडात धरून ठेवते नुसती. दाढेचं असणार. दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात नंबर लावला आहे. मी असल्यावर तिला काही कमी पडत नाही, हे तू मनात धर.

ताई

ता. क. रविवारी तुमचं फोनवर बोलणं होईल तेव्हा तिला विचार, डोकं कशाने थांबलं. तिच्याच तोंडून ऐक.


११ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र टपालात टाकणार नाही. ह्यांनी तुला फोनवर कळवलंच आहे, तू निघालीही असशील. आलीस की तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने मला हे जमणार नाही. दवाखान्याच्या लांबट व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. आई आत आहे. हातात सुई, सुईला नळी. झोपली आहे.

तू परवा सकाळी दुकानात फोन केलास. मालकांनी “तुमच्या बहिणीचा आहे” म्हणून रिसीव्हर पुढे केला. इतक्या वर्षांनी तुझा आवाज, आणि तोही धावत आल्यासारखा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “ताई, तुझं पत्र आत्ता मिळालं. कंगवा लागला की दुखतं म्हणतेस ते तेलामुळे नाही. जबड्याचंही दाढेमुळे नाही. साठीनंतर असं नव्याने आलेलं डोकं माझ्याकडे आलं, तर मी हात लावत नाही. उलट्या पावली मोठ्या दवाखान्यात पाठवते. आजच्या आज ने तिला.”

मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. “मग इतके दिवस डब्या कशाला पाठवत होतीस?”

“आई म्हणाली जुनंच आहे. मी मानलं. ताई, ते माझ्या लेपाचंही नाही आणि तुझ्या चष्म्याचंही नाही.”

तुझ्या चष्म्याचंही नाही. एवढंच माझ्या कानात शिरलं, बाकीचं बाहेरच राहिलं. मी फोन आपटला.

पुढचं तुला माहीत नाही. मी लगेच निघाले नाही. एक बाई फ्रेम बघत होती, तिला मी एकामागून एक फ्रेमा दाखवत बसले. तिचं पसंत करून झालं होतं, तरी आणखी दाखवल्या. मनात एकच चाललं होतं: एकदा काय ते मला मिळालं होतं, तेही हिने फोनवरून काढून घेतलं. मग त्या बाईने पैसे देताना सहज कानशिलावरचे केस मागे सारले, आणि आई कंगव्याखालून डोकं कसं काढून घेते ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पर्स उचलली आणि मालकांना न सांगता बाहेर पडले.

घराचं दार उघडंच होतं. आई माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती. तुझ्याशीच. “नाही गं बाळी, ताईला कशाला घाबरवलंस? मी ठणठणीत आहे. तुझ्या लेपाने पळून गेलं बघ सगळं. चष्मा? चष्म्याने काय होतंय!”

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि ठेवून दिला. म्हणून तुमचं बोलणं तुटलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझा. “कालपर्यंत माझ्या चष्म्याने थांबलं होतं ना? आज हिच्या लेपाने? एकदाच काय ते सांग, कुणामुळे थांबलं?”

ती खुर्चीत बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, “कुणामुळेच नाही. थांबलंच नाही.”

“मग खोटं का बोललीस?”

“चष्मा घातला तेव्हा तू माझ्याकडे कशी बघत होतीस, ते तुला नाही दिसलं. आणि ती दर रविवारी विचारते, गुण आला का गं आई, तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा होतो. एकीला हो म्हटलं की दुसरीचं तोंड फुगतं. लहानपणापासून बघतेय. म्हणून दोघींनाही हो म्हटलं. डोकं काय, माझंच आहे. दुखेल आणि राहील.”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला केला. तिने हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारच्या हवेत. मी पेला हलवला, हात पुन्हा चुकला. दिवसभर लोकांचे डोळे ज्या दुकानात तपासले जातात तिथे मी काम करते, धाकटे. मी तिचा डावा डोळा माझ्या तळव्याने झाकला आणि दुसरा हात तिच्या तोंडासमोर धरला. “किती बोटं?”

ती म्हणाली, “तू अजून इथेच उभी आहेस का?”

सकाळी उठली तेव्हापासून तसं होतं. आधी दोन-तीनदा पडदा आल्यासारखं होऊन गेलं होतं, तेही तिने तपासनीसाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा चष्मा खोटा पडला असता ना!

टॅक्सीत ती माझा हात धरून बसली होती. डॉक्टर तरुण आहेत, बाई आहेत, शांत बोलतात. त्यांनी आईच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली मात्र, आई कळवळली. त्वचेखाली शीर दोरीसारखी टणक लागत होती. त्या म्हणाल्या, डोक्याला रक्त नेणारी वाहिनी सुजली आहे, तिचाच फाटा डोळ्याला जातो. उतारवयात होतं असं. रक्त तपासायला पाठवलं, पण उत्तराची वाट न बघता सुईतून औषध सुरू केलं. “उजव्या डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही. डावा वाचवायचा आहे.” मग विचारलं, “डोकं कधीपासून दुखतंय?” मी आईकडे बघितलं. आईने नजर खाली घातली. माझ्याच घरात राहते ती, माझ्याच ताटाशेजारी जेवते, आणि मला उत्तर देता आलं नाही.

एक प्रश्न मला त्यांना विचारायचा होता. आदल्या दिवशी आणलं असतं तर? मी तो विचारला नाही. विचारणारही नाही, आणि तूही माझ्यासमोर विचारू नकोस.

आणखी एक. त्या म्हणाल्या, “बरं झालं आणलंत. कुणाच्या लक्षात आलं हे?” मी म्हटलं, “घरात आलं लक्षात.” तुझं नाव नाही घेतलं. आईच्या हातात सुई जात होती आणि तरी माझ्या तोंडातून तुझं नाव निघालं नाही. इतकी मी वाईट आहे. तू येशील तेव्हा मी कदाचित नेहमीसारखी ताठ बोलेन, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

ताई


२४ मार्च

प्रिय धाकटे,

सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, या वेळी आवाज न चढवता.

काल तिला पुन्हा दाखवून आणलं. कानशिलातल्या शिरेचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचं उत्तर तेच आलं. उजवा डोळा गेला तो गेला. डॉक्टरांनी तसं सरळ सांगितलं, आणि आईने त्यांचं सांत्वन केलं: “अहो, एवढं बघून झालंय माझं. एका डोळ्यात मावेल उरलेलं.” डावा शाबूत आहे. गोळ्या वर्षभर तरी चालतील, हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. त्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, त्यावरही लक्ष ठेवायचं आहे. पण डोकं मात्र पहिल्या दोन दिवसांतच थांबलं होतं. या वेळी खरंच. तुझ्यासमोरच तिने सफरचंद कचाकचा खाल्लं होतं, आठवतं ना?

तू आलीस तेव्हाचं सांगते. तू दारात उभी होतीस, केस विस्कटलेले, हातात एवढीशी पिशवी. आई पलंगावर उठून बसली आणि तिने तुझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. माझा तिने कधी चाचपला नाही. मी खिडकीशी औषधाच्या बाटल्या नीट लावत उभी राहिले, नीटच होत्या तरी. मग व्हरांड्यात तू माझं पत्र वाचलंस. मला वाटलं आता तू बोलशील, आणि बोलण्याचा तुला हक्कही होता. तू भिंतीला टेकलीस आणि रडायला लागलीस. “मी एकदाही तिला विचारलं नाही ताई, नेमकं कुठे दुखतं. परक्या रोग्याला तासभर प्रश्न विचारते, आणि आईला फक्त विचारलं, माझ्या लेपाने बरं वाटलं का.”

मी म्हटलं, चूक माझी. तू म्हणालीस, नाही, माझी. मी म्हटलं, मी रोज समोर होते. तू म्हणालीस, मला हे दुखणं माहीत होतं. आवाज इतका चढला की परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, “बाई, इथे पेशंट झोपलेत.” चूक कुणाची मोठी, यातही मला तुझ्या पुढे जायचं होतं! तुलाही. मग तूच पहिली हसलीस. मी मागून.

निघायच्या दिवशी डॉक्टर तुझ्याशी बोलत होत्या तेव्हा मी मधेच म्हणाले, “हिच्याच लक्षात आलं होतं.” तू माझ्याकडे बघितलंस. ते वाक्य बोलायला मला सबंध आठवडा लागला. आणि खरं सांगू? बोलल्यावर बरं वगैरे काही वाटलं नाही. जळायचं तेवढी जळलेच. डॉक्टरांनी तुझा हात हातात घेतला, ते मी दोन दिवस आठवत होते. पण बोलले, एवढं खरं.

आता घरचं. आपण दोघींनी आईला दम दिला होता ना, की यापुढे काही दुखलं की सांगायचं, आणि कुणाला काय वाटेल ते बघायचं नाही? तिने ते फारच मनावर घेतलं आहे. सकाळी उठल्यापासून सुरू. चहा पांचट झाला. गादी टोचते. माझा आवाज पत्र्यासारखा आहे. तुझं नवं तेल माकडालासुद्धा लावू नये. मी करून दिलेली फ्रेम म्हणे पहिल्या दिवसापासून नाकाला काचत होती! ती मी बदलून आणली. आमचे हे म्हणतात, “तुम्ही म्हातारीचं झाकण उघडलंत, आता बंद कसं करायचं ते बघा.” पण मी ऐकते. एकही तक्रार वाया जाऊ देत नाही.

म्हणूनच हे लिहायला बसले. रविवारी तिने तुला फोनवर सांगितलं की डावा गुडघा आठवडाभर ठणकतोय. मला सांगितलं नव्हतं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि भिंतीपलीकडून मला कळतंय की माझ्या घरातला गुडघा दुखतोय! हे काही बरोबर नाही, धाकटे. गुडघा इथे राहतो. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?” तर म्हणते, “तिने विचारलं. तू विचारलंस का?”

आज विचारलं. सगळी कामं टाकून तिच्यासमोर बसले आणि डोक्यापासून पायापर्यंत विचारलं. गुडघ्याचं सांगितलं, आणि शिवाय पाठीचंही सांगितलं: खाली, कमरेच्या जरा वर, उठता-बसता कळ येते. ते तुला अजून माहीत नाही. मला आधी सांगितलंय.

उद्या डॉक्टरांना दाखवणारच आहे. त्या बघतील आणि सांगतील ते खरं. पण तोवर शेकावं की शेकू नये, हे तेवढं लगेच कळव. फोन केलास तरी चालेल. दुकानात नको, घरी कर, आणि आधी मला बोलाव.

तुझी,
ताई